गोव्यातून हिवाळी हिमालयात जाताना: हिमस्खलनाचा अभ्यास घरापासूनच

नाताळची सुट्टी जवळ आली की मडगाव-पणजीच्या ट्रेकिंग ग्रुपांवर केदारकांठा, ब्रह्मताल, कुआरी पास ही उत्तराखंडातल्या ट्रेकांची नावे फिरायला लागतात. पावसाळाभर सत्तरीत, महादईच्या रानात, नेत्रावळीत भटकलेली मंडळी डिसेंबरात बर्फाकडे वळतात. पाय तयार असतात, दम असतो, दिवसभर भिजत चालायची सवय असते. नसते ती उताराकडे संशयाने बघायची सवय. सह्याद्रीतला धोका बहुतेक वेळा डोळ्यांना दिसतो. ओहोळाचे पाणी गढूळ होऊन चढू लागते, कातळावर शेवाळ असते, दरडीची लाल माती सुटलेली असते. बर्फाचा उतार मात्र वरून निवांत दिसतो आणि आतून तुटायच्या बेतात असू शकतो.

हा लेख पहिल्या-दुसऱ्या हिवाळी ट्रेकला निघालेल्यांसाठी आहे. गिर्यारोहणाच्या कोर्सची जागा तो घेऊ शकत नाही. पण हिमस्खलनाच्या वाटेतून दूर राहण्याचे बरेचसे काम नकाशा, कोन, प्रश्न आणि सराव यांचे आहे आणि ते गोव्यात बसूनच करायचे असते. तिथे पोचल्यावर बॅग पाठीवर असते, ग्रुप घाईत असतो आणि नवे काही शिकायला कोणाला वेळ नसतो.

हिमस्खलन हे फक्त शिखरवीरांचे दुखणे आहे, असे समजू नका. ४ ऑक्टोबर २०२२ ला उत्तराखंडात द्रौपदी का डांडा-२ या शिखरावर उत्तरकाशीच्या नेहरू गिर्यारोहण संस्थेचे प्रशिक्षणार्थी आणि प्रशिक्षक हिमस्खलनात सापडले. २७ मृतदेह मिळाले, दोघे बेपत्ताच राहिले. ४ एप्रिल २०२३ ला सिक्कीममध्ये नाथू-लाच्या रस्त्यावर सात पर्यटक हिमस्खलनात दगावले. ते साधे गाडीने फिरायला आलेले लोक होते. २८ फेब्रुवारी २०२५ ला बद्रीनाथजवळच्या माणा गावापाशी रस्त्याच्या कामावरचे ५४ मजूर आपल्या निवाऱ्यांसकट गाडले गेले, त्यातले आठ वाचले नाहीत. ऑक्टोबर, एप्रिल, फेब्रुवारी. शिखर, रस्ता, मुक्काम. मोसम ठरलेला नाही आणि जागाही ठरलेली नाही.

बर्फ घसरतो कसा

सर्वांत घातक प्रकार म्हणजे स्लॅब. बर्फ एकसंध नसतो. प्रत्येक हिमवर्षाव, प्रत्येक वारा, प्रत्येक कडक ऊन आपापला थर ठेवून जाते. मधला एखादा थर कमकुवत राहिला आणि त्यावर घट्ट बर्फाची लादी बसली, की उतारावर ती लादी नुसत्या चिकटीवर टिकून असते. माणसाच्या वजनाने खालच्या थरात एक तडा जातो, तो क्षणात पसरतो आणि अख्खी लादी सुटते. तुम्ही तिच्या कडेला नसता, मधोमध उभे असता. ट्रेकिंग-स्कीइंगमधल्या बहुतेक बळींच्या बाबतीत ती लादी त्यांनी स्वतः किंवा त्यांच्याच गटातल्या कोणीतरी सोडवलेली असते. यात घाबरण्यासारखे आहे तसेच दिलासा देणारेही आहे, कारण उतारावर जायचे की नाही हे आपल्याच हातात राहते.

कमकुवत थर तयार होण्याची गोष्ट जरा सावकाश वाचा, कारण डिसेंबरात जाणाऱ्यांना तीच लागू पडते. जमिनीलगत बर्फाचे तापमान शून्य अंशाच्या आसपास असते. पृष्ठभाग रात्री उणे १२ अंशांवर गेला आणि बर्फ जेमतेम ४० सेंटिमीटर असला, तर मीटरमागे ३० अंशांचा फरक पडतो. तोच बर्फ दीड मीटर असला तर मीटरमागे आठच अंश. हा फरक मीटरला साधारण दहा अंशांच्या वर गेला की खालचे कण बदलू लागतात. एकमेकांना धरून असलेले कण सुटे, टोकदार, दाणेदार होतात. मुठीत घेऊन आवळले तरी त्यांचा गोळा होत नाही, बोटांतून सांडून जातात. म्हणजे पातळ बर्फ आणि कडाक्याच्या निरभ्र रात्री ही फोटोला सुरेख, पण तळ पोखरणारी जोडी आहे.

‘अजून बर्फ फारसा पडलाच नाही, मग कसला धोका?’ हे वाक्य म्हणूनच अर्धेच खरे. नुसता दाणेदार बर्फ घसरत नाही, त्यावर बसायला लादी लागते. ती लादी पुढचा मोठा हिमवर्षाव आणून देतो. पश्चिमी विक्षोभ (पश्चिमेकडून हिमालयात बर्फ आणणारी हवामान प्रणाली) आला, दोन दिवस भरपूर बर्फ पडला, वारा सुटला की तो पोखरलेला तळ भाराखाली येतो. आणि हा थर लवकर बरा होत नाही, आठवडेच्या आठवडे तसाच राहू शकतो.

वसंतातला प्रकार वेगळा. मार्च-एप्रिलमध्ये उन्हाने पाणी आत झिरपते आणि ओला, जड बर्फ सुटतो. याचे वेळापत्रक बरेचसे सूर्य ठरवतो. पहाटे गोठलेला उतार दुपारी चालण्याजोगा राहत नाही. बूट घोट्यापर्यंत बुडू लागला, उतारावरून बर्फाचे गोळे आपसूक घरंगळू लागले की तिथला दिवस संपला.

पहिली पायरी: ३० हा आकडा

एकच गोष्ट लक्षात ठेवायची झाली तर ही ठेवा. लादी सुटते ती बहुतेक ३० ते ४५ अंशांच्या उतारावर. त्यापेक्षा सौम्य उतारावर ती सहसा सुटत नाही. फार तीव्र उतारावर बर्फ साठतच नाही, थोडा थोडा आपणच गळत राहतो. घरातला साधा जिना साधारण ३० ते ३५ अंशांचा असतो. ज्या उताराला कोणी ‘कडा’ म्हणणार नाही, ज्यावर स्की करणाऱ्यांना मजा वाटते आणि ट्रेकर आरामात तिरके जातात, नेमका तोच हा उतार.

कोन डोळ्यांनी ठरवू नका, अंदाज हमखास चुकतो. मोबाईलमधले उतारमापक ॲप पुरेसे आहे. ट्रेकिंगची काठी उतारावर वरून खाली आडवी टाका आणि तिच्यावर फोनची कड टेकवा, कोन मिळाला. फोनचा चार्ज गेला तर दोन काठ्या चालतात. १२० सेंटिमीटरची एक काठी उतारात टोक टेकवून समोर, उताराबाहेर, आडवी समपातळीत धरा. तिच्या मोकळ्या टोकापासून खाली बर्फापर्यंतचे अंतर दुसऱ्या काठीने मोजा. ७० सेंटिमीटरच्या आसपास आले तर तुम्ही ३० अंशांवर आहात, पूर्ण १२० आले तर ४५ वर. काठीवर ७० ची खूण घरीच टेपने करून ठेवा.

सरावाला बर्फ लागत नाही. पारोड्याचा चंद्रनाथ, चोर्ल्याचा घाट, बोरीचा सिद्धनाथ, कुठेही जा. आधी अंदाज बोला, मग मोजा. डिचोली-साखळी पट्ट्यातल्या खाणींच्या डंपांच्या कडा रस्त्यावरून फोन डोळ्यासमोर धरून मोजता येतात. लांबचा उतार बाजूने बघून मोजायचा सराव हिमालयात फार उपयोगी पडतो, कारण तिथे उतारावर पाय ठेवण्याआधीच कोन कळायला हवा. डंपावर मात्र चढू नका, तोही घसरतो.

दुसरी पायरी: नकाशा घरी वाचायचा

ट्रेकचा मार्ग ठरला की सर्व्हे ऑफ इंडियाचा १:५०,००० चा नकाशा घ्या. हिमालयाच्या पत्रकांवर समोच्च रेषा (समान उंचीची ठिकाणे जोडणाऱ्या रेषा) बहुधा ४० मीटरच्या अंतराने असतात. कोपऱ्यातली टीप वाचून खात्री करा, कारण पुढचा हिशोब त्यावरच आहे. ४० मीटरची चढण ३० अंशांवर असली तर आडवे अंतर सुमारे ६९ मीटर होते, म्हणजे नकाशावर १.४ मिलिमीटर. एवढे बारीक मोजता येत नाही, म्हणून दर पाचवी जाड रेषा धरा. दोन जाड रेषांमध्ये २०० मीटर उंची असते. त्यांच्यातले अंतर ७ मिलिमीटरपेक्षा कमी असेल तर तो उतार ३० अंशांच्या वर आहे. असे पट्टे लाल पेन्सिलीने रंगवा. रेषा २० मीटरच्या असतील तर दोन जाड रेषांतले अंतर साडेतीन मिलिमीटर धरा.

मग वाट निळ्या पेनाने काढा आणि तीन गोष्टी शोधा. वाट लाल पट्ट्यातून कुठे जाते? लाल पट्ट्याच्या खालून कुठे जाते? आणि घळीत, नाळेत, ओढ्याच्या पात्रात कुठे शिरते?

दुसरा प्रश्न लोक हटकून विसरतात. तुम्ही सपाटीवर असलात तरी वरून सुटलेला बर्फ तुमच्यापर्यंत पोचतो. नाथू-लाच्या रस्त्यावर आणि माण्याला तेच झाले. खाली उभे राहून वरच्या बर्फाच्या माथ्याकडे बघताना नजरेचा कोन २० अंशांच्या वर जात असेल, तर आपण त्याच्या टप्प्यात असू शकतो असे धरा. मोठी हिमस्खलने त्याहून लांबही जातात, म्हणून हा आकडा परवाना समजू नका. तिसरा प्रश्न घळींचा. लहानसे स्खलनही अरुंद घळीत माणसाला खोल पुरते, उघड्या उतारावर कदाचित गुडघाभर बर्फात सोडून देईल.

कागदावरचा लाल पट्टा जंगलातून जात असेल तर उपग्रहाच्या चित्रावर बघा. दाट देवदार-बांज असेल तर बर्फ बराच बांधलेला असतो. पण जंगलात वरून खाली उतरणारी झाडांविना पट्टी दिसली, तर ती बर्फानेच साफ केलेली असण्याची शक्यता मोठी. जागेवर गेल्यावर पट्टीच्या कडेच्या झाडांच्या चढाकडच्या बाजूच्या फांद्या मोडलेल्या दिसतात. पुरावा त्याहून स्पष्ट मिळत नाही. केदारकांठा, ब्रह्मतालसारखे रूढ मार्ग हिवाळ्यात चालतात, याचे मोठे कारण ते बऱ्याच अंशी जंगलातून आणि सोंडेवरून जातात. तोच गाईड ‘शॉर्टकट’ म्हणून घळीत वळला की ते कारण उरत नाही.

तिसरी पायरी: तारखा आणि आयोजक

गोवेकराची खरी अडचण तिकिटात आहे. गोवा एक्स्प्रेसचे आरक्षण दोन महिने आधी, मोपा किंवा दाबोळीचे विमान परत न मिळणाऱ्या भाड्याचे, सुट्टी नेमकी नाताळ ते एक जानेवारी. असे वेळापत्रक डोंगरावर आपल्या वतीने निर्णय घेऊ लागते. ‘इतके लांबून आलोय’ हे वाक्य हवामानाला ऐकू जात नाही. म्हणून दोन दिवस राखीव ठेवा. ते जमत नसेल तर ट्रेक छोटा निवडा, पण राखीव दिवस सोडू नका. मोठ्या हिमवर्षावानंतर निदान २४ ते ४८ तास तीव्र उतारांपासून लांब राहायचे असते आणि दाणेदार तळ असेल तर तेवढेही पुरत नाहीत.

आयोजकाला फोन करून सरळ विचारा. या वाटेवर ३० अंशांच्या वरचे टप्पे कोणते? त्यांना पर्यायी वाट आहे का? गाईडने गिर्यारोहणाचा बेसिक किंवा ॲडव्हान्स कोर्स केला आहे का, हिमस्खलनातल्या शोधाचा सराव शेवटचा कधी केला? ट्रान्सीव्हर (गाडल्या गेलेल्याला शोधायचे रेडिओ यंत्र), प्रोब (बर्फात खुपसून बघायची लांब सळई), फावडी गटाकडे असतात का? परत फिरायची वेळ कोण आणि कशावरून ठरवतो? ‘टेन्शन घेऊ नका, रोज बॅच जातात’ हे उत्तर आले तर ते उत्तर नव्हे. रोज बॅच जातात याचा अर्थ एवढाच की आजवर लादी सुटली नाही. पायवाट रुळलेली आहे म्हणून उतार पक्का होत नाही. पाच जण पार झाल्यावर सहाव्याच्या पावलाने लादी सुटल्याची उदाहरणे जगभर आहेत.

माझे स्पष्ट मत आहे की ज्याला या पाच प्रश्नांचा राग येतो त्याच्याबरोबर बर्फात जाऊ नये. भाड्याच्या मायक्रोस्पाइक्स (बुटांना लावायचे काटे) आणि गेटर्स (पोटरीवरची आवरणे) यांच्याबद्दल तासभर चौकशी करणारे लोक हे पाच प्रश्न संकोचाने टाळतात, याचे मला आश्चर्य वाटत आले आहे.

ज्यांना पुढेही या वाटेला जायचे आहे त्यांनी उत्तरकाशी, मनाली, दार्जिलिंग किंवा पहलगामच्या संस्थेचा बेसिक कोर्स करावा. साधारण महिन्याभराचा असतो आणि सुट्टी काढण्याच्या लायकीचा आहे.

चौथी पायरी: वाळूत शोध

ज्या मार्गावर लाल पट्टे टाळता येत नाहीत, तिथे प्रत्येकाकडे ट्रान्सीव्हर, प्रोब आणि धातूचे फावडे हवे. तिन्ही हवीत आणि प्रत्येकाकडे हवीत. एकट्या लीडरकडे असलेला ट्रान्सीव्हर लीडर गाडला गेला तर कोण ऐकणार? ही यंत्रे ४५७ किलोहर्ट्झवर चालतात, कोणत्याही कंपनीची एकमेकांना ऐकू येतात. बॅटरी उत्पादकाने सांगितलेलीच वापरा, बहुतेकांत साध्या अल्कलाईन चालतात. मोबाईल आणि ॲक्शन कॅमेरा त्यापासून निदान २० सेंटिमीटर लांब, शोध घेताना ५० सेंटिमीटर.

या खेळाचे घड्याळ क्रूर आहे. गाडल्या गेलेल्या माणसाची वाचण्याची शक्यता पहिल्या दहा मिनिटांत नव्वद टक्क्यांच्या आसपास असते आणि अर्ध्या तासाच्या थोडे पुढे ती तिसऱ्या हिश्श्यावर येते. बहुतेक जण गुदमरून जातात. गावातून मदत यायला काही तास लागतात. म्हणून शोधणारे तुम्हीच, आणि सराव न केलेल्या हातात हे यंत्र नुसते वाजत राहते.

सरावाला आपल्याकडे किनारे आहेत. मिरामारसारखा रुंद, मोकळा किनारा सकाळी लवकर गाठा. मोरजी, मांद्रे, आगोंद आणि गालजीबाग मात्र वगळा. तिथे सागरी कासवे अंडी घालतात आणि मोसम नेमका हिवाळ्यातच सुरू होतो. वाळूच्या टेकड्यांवरही खणू नका. चौघांचा गट करा. एकाने चालू ट्रान्सीव्हर प्लॅस्टिकच्या घट्ट डब्यात, डबा ड्राय-बॅगेत घालून कोरड्या वाळूत अर्धा मीटर पुरावा. वर जुनी पाठपिशवी ठेवावी, म्हणजे प्रोब लागल्यावर हाताला माणसासारखा मऊ अडथळा जाणवेल. खारे पाणी यंत्राच्या मुळावर उठते, तेवढे सांभाळा. मग ५० मीटरचा चौकोन आखून घड्याळ लावा.

क्रम असा. सगळ्यांनी यंत्र ‘शोध’वर टाकायचे, नाहीतर तुमचाच सिग्नल सोबत्याला फसवतो. ४० मीटर रुंदीच्या पट्ट्यांनी झपझप चालायचे, सिग्नल मिळेपर्यंत. सिग्नल मिळाला की बाण दाखवेल तसे जायचे. वाट सरळ नसते, वळसा घेऊन जाते, ते बरोबर आहे. यंत्रावरचा आकडा (साधारण मीटरमधले अंतर) १० च्या खाली आला की वेग कमी. ३ च्या खाली आल्यावर यंत्र पृष्ठभागाला लागून धरायचे आणि फिरवायचे नाही. आधी उभ्या, मग आडव्या रेषेत सरकवून सर्वांत लहान आकडा शोधायचा. तिथे प्रोब पृष्ठभागाला काटकोनात खुपसायचा. लागला नाही तर २५ सेंटिमीटरच्या अंतराने बाहेर फिरत जायचे. लागला की प्रोब काढायचा नाही.

पुढचे काम सर्वांत जास्त वेळ खाते, तरी लोक सराव फक्त यंत्राचाच करतात. प्रोबच्या डोक्यावरून थेट खाली खणू नका. खोली प्रोबवर वाचा, तिच्या दीडपट अंतर उताराच्या खालच्या बाजूला जा आणि तिथून माणसाकडे आडवे खणत या. मीटरभर खोल गाडलेल्याला काढताना टनभर बर्फ हलवावा लागतो. एकामागे एक रांग लावा. पुढचा फोडतो, मागचे मागे ढकलतात, दर मिनिटाला पुढचा बदला. वाळूत हे करून बघितले की ‘दोघे पुरेत’ हा गैरसमज सकाळी सातलाच निघून जातो.

पाचवी पायरी: निघण्याआधीचा आठवडा

आठ दिवस आधीपासून रोज तिथले हवामान वहीत नोंदवा. किती बर्फ पडला, वारा कुठून, तापमान किती उतरले, निरभ्र रात्री किती. ही नोंद तुम्हाला बर्फाचा तळ कसा असेल याचा अंदाज देते, जो फक्त आजच्या अंदाजातून मिळत नाही. डीआरडीओची चंदीगड येथील डीजीआरई ही संस्था हिवाळ्यात हिमस्खलनाचे इशारे काढते. मनालीची पूर्वीची ‘सासे’ २०२० मध्ये तिच्यात विलीन झाली. इशाऱ्यात जिल्हा, धोक्याची पातळी आणि किती उंचीच्या वर तो लागू आहे ते असते. उंचीचा आकडा आपल्या नकाशावर लगेच टिपा. जगभर वापरल्या जाणाऱ्या पाच पातळ्यांच्या मापात सर्वाधिक बळी पाचव्या पातळीवर जात नाहीत, तिसऱ्यावर जातात. पाचव्या पातळीला सगळे घरी बसतात, तिसरीला ‘मध्यमच आहे की’ म्हणून निघतात.

वाटेवर

आता बर्फात पोचलात. खालीलपैकी एकही खूण दिसली तर लाल पट्टे त्या दिवसापुरते बंद: आसपासच्या तशाच उतारावर ताजे स्खलन, पावलाखालून ‘धुप्प’ असा आवाज येऊन बर्फ दबणे, पायापासून भराभर पळत जाणाऱ्या भेगा, २४ तासांत ३० सेंटिमीटरच्या वर नवा बर्फ, बर्फावर पाऊस, अचानक वाढलेली ऊब. यात ‘धुप्प’ आवाजाला सर्वांत जास्त मान द्या. तळातला थर तुमच्या पायाखाली आत्ता कोसळला, असे बर्फ सांगतो आहे. सपाटीवर होतात म्हणून वाचलात.

वारा बर्फाइतकाच महत्त्वाचा. आकाश निरभ्र असताना धारेवरून बर्फाचे पिसारे उडताना दिसले की पलीकडच्या आडोशाच्या बाजूला लादी बसते आहे. वाऱ्याची बाजू खरवडलेली, लाटांची दिसते. आडोशाची बाजू गुबगुबीत, गुळगुळीत. चालायला ती सुखाची वाटते, आणि टाळायची तीच. धारेच्या टोकाशी पुढे लोंबणारे बर्फाचे छज्जे दिसतात. त्यांच्यापासून भरपूर आत चाला, कारण ते तुटतात तेव्हा अपेक्षेपेक्षा बरेच मागून तुटतात.

संशयास्पद उतार टाळताच येत नसेल तर एकेकाने पार करा, बाकीचे सुरक्षित जागी उभे राहून नजर ठेवतील. सगळ्यांनी दहा-दहा मीटर अंतर ठेवून निघणे म्हणजे सगळ्यांनी एकाच लादीवर असणे. काठ्यांचे पट्टे मनगटातून काढा, जॅकेटची चेन लावा. उताराच्या मधोमध तिरके कापू नका. वरच्या टोकाने किंवा सोंडेच्या कडेने जा. फोटो, पाणी, बिस्किटे सगळे पलीकडे गेल्यावर. मुक्कामाची जागा ठरवतानाही तंबू टाकण्याआधी वर बघा आणि तो २० अंशांचा हिशोब करा, रात्री तो करायला कोणी जागे नसते.

ग्रुपचा एक नियम गोव्यातून निघतानाच ठरवा: एकाने नको म्हटले की नको. कारण विचारायचे, पण मतदान घ्यायचे नाही. बहुतेक ग्रुपांत कोणालातरी काहीतरी खटकलेले असते आणि तो नवखा म्हणून गप्प राहतो. दादा-ताईंनी, म्हणजे जुन्या ट्रेकरांनी, आपले मत शेवटी सांगावे. ते आधी बोलले की बाकीच्यांचे तोंड बंद होते.

लादी सुटली तर

ओरडा, म्हणजे बाकीच्यांच्या नजरा तुमच्यावर येतील. काठ्या टाका, बाजूला निसटायचा प्रयत्न करा. वाहून जाऊ लागलात तर पृष्ठभागावर राहण्यासाठी हातपाय मारा, तोंड बंद ठेवा. वेग कमी होतोय असे वाटताच एक हात तोंडासमोर आणून श्वासापुरती पोकळी करा, जमले तर दुसरा वर काढा. बर्फ थांबला की तो इतका घट्ट होतो की बोटही हलत नाही, म्हणून हे थांबण्याआधीच करायचे.

बाहेरच्यांनी त्याला शेवटचे कुठे पाहिले ती जागा लक्षात ठेवायची, दुसरे स्खलन येणार नाही याची खात्री करायची आणि त्या जागेच्या खालचा भाग शोधायला लागायचे. ट्रान्सीव्हर नसेल तर पृष्ठभागावर हातमोजा, काठी, बॅग काही दिसते का बघा, वस्तू सापडेल तिच्या आसपास खुपसून बघा, त्याच्या फोनला रिंग द्या, थांबून कान द्या. बर्फ जिथे साठून राहतो, म्हणजे वळणे, झाडांची वरची बाजू, ढिगाऱ्याचे टोक, तिथे आधी. मदत बोलवायला सगळेच धावत सुटू नका. पहिली मिनिटे खणणाऱ्या हातांची असतात.

डोके सापडले की आधी तोंड-नाकातला बर्फ काढा आणि छाती मोकळी करा, बाकी शरीर नंतर. श्वास नसेल तर कृत्रिम श्वास आणि छातीदाब दोन्ही द्या, नुसता छातीदाब इथे पुरत नाही, कारण प्रश्न हवेचा होता. फार वेळ गाडलेल्याला हळुवार हलवा, आडवेच ठेवा, कोरडे गुंडाळा. थंड पडलेल्याला घाईने मृत ठरवू नका, ते काम डॉक्टरांचे.

संपर्क

उपग्रह फोन किंवा उपग्रहावरून निरोप धाडणारी यंत्रे दूरसंचार खात्याच्या परवानगीशिवाय भारतात बाळगता येत नाहीत. गोव्याच्या विमानतळावरही अशा यंत्रांवरून प्रवाशांवर कारवाई झाली आहे. परदेशातल्या मित्राने भेट दिलेले ते यंत्र घरीच ठेवा. गुलमर्ग किंवा लडाखला जाणार असाल तर गोव्याचे प्रीपेड सिम तिथे चालत नाही, पोस्टपेड न्या.

घरी एका माणसाकडे नकाशाची प्रत, आयोजकाचा आणि गाईडचा नंबर, रोजचा मुक्काम आणि निरोप देण्याची अखेरची वेळ लिहून ठेवा. त्याला एक गोष्ट बजावून सांगा: गोव्यातून ११२ लावला तर फोन गोव्याच्याच नियंत्रण कक्षाला जातो. म्हणून केदारकांठ्यासाठी उत्तरकाशी आणि कुआरी पास किंवा ब्रह्मतालसाठी चमोली, अशा त्या त्या जिल्ह्याच्या आपत्कालीन कक्षाचा लँडलाइन नंबर एसटीडी कोडसह त्याच कागदावर असावा, आणि निघण्याआधी एकदा लावून तो चालतो का ते बघावे.